ऑक्टोबरमधली 'डी' आणि रंगीत वह्या

पत्र

"आम्ही गेली अकरा वर्षे लंडनमधल्या हॅरोमध्ये राहतो. आमच्या मुलीला जीसीएसईत, म्हणजे इथल्या सोळाव्या वर्षीच्या शालेय परीक्षेत, पाच विषयांत ९ (ही सर्वोच्च ग्रेड) आणि उरलेल्या चार विषयांत ८ अशा ग्रेड मिळाल्या, तेव्हा घरी पेढे वाटले होते. सप्टेंबरपासून ती त्याच शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांपैकी पहिल्या वर्षात, इयर ट्वेल्व्हमध्ये, जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे विषय शिकते आहे; तिला डॉक्टर व्हायचे आहे. हाफ टर्मच्या, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीच्या, आधी झालेल्या पहिल्या चाचणीत तिला रसायनशास्त्रात 'डी', जीवशास्त्रात 'सी' आणि गणितात ४१ टक्के मिळाले. ती रात्री एक-एक वाजेपर्यंत बसून नोट्स लिहिते, तीन रंगांच्या पेनांनी, अगदी देखण्या. तरीही ही अवस्था आहे. परवा ती रडत म्हणाली, 'आई, मी हुशार नव्हतेच गं, मला फक्त पाठ करता येत होतं.' तिच्या बाबांचे म्हणणे आहे की गणित सोडून द्यावे किंवा तिन्ही विषयांना ट्युशन लावावी. साताऱ्याहून माझ्या सासूबाई दर रविवारी फोनवर मार्क विचारतात. माझी स्वतःची अकरावी साताऱ्यात मजेत गेली होती, अभ्यास आम्ही बारावीत केला, त्यामुळे हिला काय सांगावे तेच मला कळत नाही. विषय बदलावा का? ट्युशन लावावी का? आणि मेडिकलचा विचार सोडून द्यावा का?"

उत्तर

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुमचे नसून तुमच्या मुलीचे आहे, आणि तुम्ही विचारलेल्या तिन्ही प्रश्नांच्या आधी त्या वाक्याचे उत्तर द्यायला हवे. "मी हुशार नव्हतेच, मला फक्त पाठ करता येत होतं" हे तिने रडत म्हटले असले, तरी त्यातला उत्तरार्ध हे जवळजवळ अचूक निदान आहे. चूक पूर्वार्धात आहे. जीसीएसईला पाठांतराने भरपूर गुण मिळतात, ए लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या अखेरीस होणाऱ्या परीक्षेला, ते तितके मिळत नाहीत, आणि हे तिला सहा आठवड्यांत स्वतःहून दिसले. इंग्लंडमधल्या सिक्स्थ फॉर्ममध्ये मी वीसहून अधिक वर्षे रसायनशास्त्र शिकवले. दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात उत्तम जीसीएसईवाली निम्मीअधिक मुले माझ्यासमोर असाच चेहरा करून बसत. फरक इतकाच, की तुमच्या मुलीला जे सुचले ते त्यांतल्या फार थोड्यांना सुचत असे.

नेमके काय बदलले ते आकड्यांत सांगते, कारण परीक्षा मंडळे ते लपवून ठेवत नाहीत. जीसीएसईच्या विज्ञानात एकूण गुणांपैकी ४० टक्के गुण माहिती आठवून लिहिण्यासाठी, ४० टक्के ती माहिती वापरण्यासाठी आणि २० टक्के विश्लेषण व अनुमानासाठी असतात. ए लेव्हलच्या विज्ञान विषयांत आठवण्याचा वाटा ३० ते ३५ टक्क्यांवर येतो, वापरण्याचा ४० ते ४५ टक्क्यांवर जातो आणि विश्लेषणाचा २५ ते ३० टक्के होतो. वरवर पाहता हा फरक फार मोठा वाटत नाही. पण जीसीएसईतले 'वापरणे'देखील बहुधा ठरलेल्या साच्याचे असते आणि पुरेसे जुने पेपर सोडवले की ते साचेही पाठ होतात, तर ए लेव्हलचा प्रश्न मुद्दाम न पाहिलेल्या परिस्थितीत नेऊन सोडतो, हे लक्षात घेतले की 'डी' कुठून आली ते कळते. ज्या मुलीने धडा तोंडपाठ केला आहे आणि जिला तो धडा अनोळखी प्रश्नावर चालवून पाहण्याची सवय नाही, तिची ग्रेड पहिल्या चाचणीत साधारण तिथेच पडते.

याचे उदाहरण माझ्याच विषयातले देते, कारण इयर ट्वेल्व्हच्या पहिल्या सत्रात हा प्रश्न हटकून येतो. जीसीएसईला मुले शिकतात की इलेक्ट्रॉन कवचांमध्ये २, ८, ८ असे बसतात. सप्टेंबरमध्ये त्यांना सांगितले जाते की ते चित्र सोय म्हणून दिले होते. प्रत्येक कवचात उपकवचे असतात, त्यांना एस, पी, डी अशी नावे आहेत, आणि चौथ्या कवचाचे एस उपकवच तिसऱ्याच्या डी उपकवचाच्या आधी भरते. इथेच काही मुलांना फसवले गेल्यासारखे वाटते, आणि मला त्यांचा तो राग आवडतो. पुढे आयनीभवन ऊर्जा येते. आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे जाताना ती वाढत जाते, कारण केंद्रकातले प्रोटॉन वाढतात, कवच तेच राहते आणि आकर्षण वाढते. हे वाक्य मुले सुंदर अक्षरात, बहुधा हिरव्या पेनाने, लिहून पाठ करतात. चाचणीत मात्र विचारतात: गंधकाची पहिली आयनीभवन ऊर्जा फॉस्फरसपेक्षा कमी का? आणि अर्धा वर्ग तेच हिरवे वाक्य लिहून मोकळा होतो, जे नेमके उलट सिद्ध करते. खरे उत्तर असे, की गंधकाच्या ३पी उपकवचात एका कक्षकात दोन इलेक्ट्रॉनांची जोडी झालेली असते, त्या दोघांत प्रतिकर्षण असते, आणि म्हणून त्यांतला एक काढणे सोपे जाते. हे उत्तर कोणत्याही हुशार मुलीला समजण्यासारखे आहे. पण प्रश्न वाचताना "थांब, इथे नियम मोडतो आहे, तर तो का मोडतो?" असे थबकायला हवे, आणि ते थबकणे नोट्स कितीही वेळा लिहिल्या तरी अंगवळणी पडत नाही.

म्हणून मला त्या रंगीत वह्यांबद्दल बोलायचे आहे, आणि थोडे कठोर बोलायचे आहे. रात्री एक वाजेपर्यंत तुमची मुलगी करते आहे ते कष्टाचे काम आहे, यात शंका नाही; पण ते नक्कल करण्याचे काम आहे. पुस्तकातले वाक्य वहीत उतरताना हात चालतो, डोळे चालतात, पान देखणे होते, आणि आपल्याला हे येते अशी एक ऊबदार भावना मनात तयार होते, जी चाचणीच्या दिवशी विरून जाते. २०१३ साली जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या अभ्यासाच्या दहा पद्धतींवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणे, ओळी रंगवणे आणि सारांश काढणे या सर्वाधिक लाडक्या पद्धती तळाशी गेल्या. स्वतःची परीक्षा घेणे आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने वाटून करणे या दोन पद्धती सर्वांत वर राहिल्या. माझा वर्गातला अनुभव याहून वेगळा नाही. वर्गातली सर्वांत सुंदर वही आणि वर्गातली सर्वोत्तम ग्रेड या दोन गोष्टी एकाच मुलीकडे मी क्वचितच पाहिल्या.

मग तिने संध्याकाळी करायचे काय? ज्या दिवशी रसायनशास्त्राचा तास झाला त्या दिवशी तिने पुस्तक मिटून, कोऱ्या कागदावर, त्या तासात काय झाले ते आठवेल तसे लिहावे. यासाठी दहा मिनिटे पुरतात, आणि कागद गचाळ असला तरी हरकत नाही. मग पुस्तक उघडून जे राहिले ते दुसऱ्या पेनाने भरावे. रंगांची हौस तिथे भागते, आणि तो दुसरा रंग पानावर जितका जास्त, तितके तिला काय येत नाही ते स्वच्छ दिसते. त्यानंतर उरलेला सगळा वेळ प्रश्नांना द्यावा. तिच्या परीक्षा मंडळाचे, म्हणजे एक्यूए, ओसीआर, पिअर्सन एडेक्सेल यांपैकी जे असेल त्याचे, जुने पेपर, मार्क स्कीम (कोणत्या उत्तराला किती गुण याची यादी) आणि परीक्षकांचे अहवाल मंडळाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. मार्क स्कीम सर्वांना ठाऊक असते. परीक्षकांचा अहवाल मात्र मुले उघडतच नाहीत, आणि माझ्या मते सर्वांत उपयोगी तोच असतो, कारण आदल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी त्याच प्रश्नात काय लिहून गुण घालवले ते त्यात स्पष्ट इंग्रजीत सांगितलेले असते.

याच्या जोडीला तिने चुकांची वही ठेवावी. हा काही माझा शोध नव्हे, पण वीस वर्षांत याच्याइतका परिणाम करणारे दुसरे काही मला दिसले नाही. चुकलेला प्रश्न उतरवायचा, आपण काय लिहिले ते उतरवायचे आणि खाली एका वाक्यात चूक कोणत्या जातीची होती ते लिहायचे: माहितीच नव्हती, माहिती होती पण इथे लागू होते हे ओळखले नाही, प्रश्न घाईत वाचला, की एकक बदलायचे राहिले. बरोबर उत्तर त्या पानावर लिहायचे नाही. आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा सोडवायचा, आणि सुटला तरच त्यावर काट मारायची. तीन-चार आठवड्यांत त्या वहीत एकच जात पुन्हा पुन्हा दिसू लागते, आणि मग "मला केमिस्ट्री येत नाही" या भल्यामोठ्या वाक्याच्या जागी "वायूंच्या समीकरणात मी घनफळ घनमीटरमध्ये घेत नाही" असे लहानसे वाक्य येते. पहिल्या वाक्यावर रडण्यापलीकडे काही करता येत नाही. दुसऱ्यावर मंगळवारी दुपारी इलाज करता येतो.

गणिताची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे बहुतेकदा ए लेव्हलची नवी कल्पना अवघड नसते, खालचे बीजगणित कच्चे असते. जीसीएसईला ८ किंवा ९ मिळवणाऱ्या मुलालाही घातांकांचे नियम, करणी आणि वर्ग पूर्ण करण्याची रीत येत असते. पण ती 'येणे' आणि बोलता बोलता हातातून निघणे यांत अंतर आहे, आणि ए लेव्हल हे दुसरे गृहीत धरून पुढे जाते. शिवाय जीसीएसईचा मोठा प्रश्न बहुधा अ, ब, क अशा पायऱ्यांनी विद्यार्थ्याचे बोट धरून नेतो. ए लेव्हलमध्ये तो एका ओळीत येतो: अमुक रेषा अमुक वर्तुळाला स्पर्श करते, तर 'के'ची किंमत काढा. रेषेचे समीकरण वर्तुळात घालावे, त्यातून वर्गसमीकरण येईल, आणि स्पर्श म्हणजे एकच उत्तर असल्याने विवेचक शून्य घ्यावा, यांपैकी एकही गोष्ट प्रश्नात लिहिलेली नसते. तुमच्या मुलीला तिन्ही पायऱ्या सुट्या सुट्या येत असणार. त्या कोणी सांगितल्या नाहीत म्हणून ती अडते. त्यासाठी रोज पंधरा मिनिटे निव्वळ बीजगणिताचा व्यायाम करावा, जसा गायक पलटे घोकतो तसा, आणि आठवड्यातून दोनदा कोणत्या धड्यातले आहेत हे न सांगितलेले मिश्र प्रश्न सोडवावेत. अडली तर निदान दहा मिनिटे उत्तराकडे पाहू नये. ती दहा मिनिटे वाया गेल्यासारखी वाटतात आणि तीच सर्वांत जास्त शिकवतात.

जीवशास्त्राबद्दल थोडक्यात सांगते. तिथे 'सी' बहुधा भाषेच्या ढिलाईने येते. विकर (एन्झाइम) आणि ते ज्यावर काम करते तो क्रियाधार (सबस्ट्रेट) यांचा आकार 'सारखा' असतो असे लिहिले तर गुण मिळत नाही, तो 'पूरक' असतो असे लिहावे लागते. संहतीऐवजी (कॉन्सन्ट्रेशन) नुसते 'प्रमाण' लिहिणेही अनेकदा चालत नाही. मार्क स्कीममधले नेमके शब्द गोळा करण्याची सवय तिने आत्ताच लावली, तर हा विषय इतर दोहोंच्या आधी सुधारेल.

आता वेळेकडे वळू. जीसीएसईला दिवस भरगच्च असतो, घंटा वाजते आणि मूल पुढच्या वर्गात जाते. सिक्स्थ फॉर्ममध्ये तीनच विषय असल्याने वेळापत्रकात मोकळ्या जागा पडतात, आणि त्यांना मुले 'फ्री पीरियड' म्हणतात, हेच मुळात दुर्दैवी आहे. प्रत्येक विषयाचे आठवड्याला साधारण चार-पाच तास वर्गात होतात आणि जवळजवळ तेवढेच तास विद्यार्थ्याने स्वतः द्यावेत अशी बहुतेक शाळांची अपेक्षा असते. त्या दुसऱ्या हिश्श्याचा बराच भाग त्या मोकळ्या तासांतच बसवायचा असतो. तुमच्या मुलीला विचारा, पण उलटतपासणीच्या सुरात नको, की हे तास कुठे जातात. कॉमन रूममध्ये जात असतील तर त्यात पाप काही नाही, सोळाव्या वर्षी मैत्रिणी लागतातच. पण त्यांतले रोजचे दोन तास लायब्ररीत प्रश्न सोडवण्यात गेले, तर ती साडेदहाला झोपू शकेल. या वयात आठ ते दहा तासांची झोप लागते. मध्यरात्रीनंतर लिहिलेल्या नोट्स मी तरी अभ्यासात धरत नाही.

तुमच्या स्वतःच्या अकरावीची आठवण तुम्ही लिहिलीत, ती माझ्याही पिढीची आठवण आहे. मी मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला गेले, तेव्हा पहिले तीन महिने सर 'मोमेंटम' म्हणाले की 'मोमेंट' हेच मला कळत नसे. पण ते वर्ष सरले आणि बोर्डाच्या पेपरात अकरावीतले काही विचारले गेले नाही, त्यामुळे ते कच्चेपण कुणाला दिसलेही नाही. ए लेव्हलमध्ये तशी सोय उरलेली नाही. २०१५ पासून इंग्लंडमधल्या या विषयांची पद्धत बदलत गेली आणि आता दोन्ही वर्षांच्या अभ्यासक्रमाची परीक्षा दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस, मे-जूनमध्ये, एकत्र होते. इयर ट्वेल्व्हमध्ये शिकलेली मोलची गणिते इयर थर्टीनमध्ये बफर द्रावणांच्या प्रश्नात परत येतात, आणि तिथे कोणी ती नव्याने शिकवत नाही. म्हणून "पहिले वर्ष सांभाळून घेऊ" हा आपल्या घरांत सहज दिला जाणारा दिलासा इथे देऊ नका. मात्र याच नियमाची दुसरी बाजू तिच्या बाजूची आहे. ऑक्टोबरमधली ही 'डी' तिच्या अंतिम ग्रेडमध्ये कुठेही मोजली जात नाही. परीक्षेला अजून दीड वर्षाहून अधिक काळ आहे.

टक्क्यांचेही असेच आहे. आपल्या मनात नव्वदच्या खालचा आकडा म्हणजे अपयश, आणि साताऱ्याच्या आजींच्या मनात तर तो निश्चितच तसा असणार. ए लेव्हलचे पेपर असे काढलेले असतात की फार चांगल्या विद्यार्थ्यांचेही बरेच गुण जातात. २०१९ च्या उन्हाळ्यात पिअर्सन एडेक्सेलच्या गणिताला ३०० पैकी १६५ गुणांवर, म्हणजे ५५ टक्क्यांवर, 'ए' ग्रेड मिळाली होती. ही सीमा दर वर्षी बदलते, आणि शाळेच्या चाचणीतल्या ४१ टक्क्यांचे त्यावरून भाषांतर करता येत नाही, म्हणून हा आकडा तिला खोटा धीर देण्यासाठी वापरू नका. एवढेच लक्षात ठेवा, की ४१ हा आकडा साताऱ्यात ऐकू येतो तितका भीषण इथे नाही. आजींना रविवारी मार्कांऐवजी दुसरे काही विचारायला सुचवता आले तर पाहा. मुलीने या आठवड्यात काय नवीन शिकले हे तिला मराठीत समजावून सांगायला लावा. गंधक आणि फॉस्फरसची गोष्ट जी मुलगी आजीला मराठीत सांगू शकेल तिला ती कळली, असे मी तरी मानेन.

ट्युशनबद्दल तिच्या बाबांशी माझे मतभेद आहेत, निदान सध्यापुरते. तीन विषयांना तीन ट्युशन लावल्या, तर मोकळे तास आणि झोप या दोन्हींवर त्या बसतील, आणि तिला पुन्हा कोणीतरी समजावून सांगेल, जे वर्गात आधीच झाले आहे. तिला न कळलेले फार थोडे असावे. न सोडवलेले खूप आहे. चुकांची वही दोन महिने भरू द्या. त्यानंतर गणितातला एखादा भाग हलतच नसेल, तर त्या भागापुरते, चार-सहा आठवडे, कोणाची तरी मदत घ्यावी, आणि ट्यूटरसमोर तिने स्वतःची वही उघडून बसावे. त्याआधी एक फुकटची मदत आहे, तिचे शिक्षक. आपली मुले तिथे जात नाहीत, कारण शंका विचारणे म्हणजे आपले अज्ञान उघड करणे असे त्यांना वाटते, आणि हे आपणच त्यांना कधीतरी शिकवलेले असते. हाफ टर्म संपताच तिने रसायनशास्त्राच्या शिक्षकांकडे चाचणीचा पेपर घेऊन जावे आणि "मला समजत नाही" असे न म्हणता "या तीन प्रश्नांत मला सुरुवात सुचली नाही" असे म्हणावे. असा प्रश्न ऐकला की शिक्षकाचा दिवस चांगला जातो, हे मी खात्रीने सांगते.

विषय बदलण्याचा प्रश्न मी लवकर संपवते. गणित सोडले तर तिच्याकडे दोनच विषय उरतात. त्या जागी तिसरा घ्यावा लागेल, बहुतेक शाळा असा बदल सप्टेंबरच्या पहिल्या काही आठवड्यांतच करू देतात, आणि आता घेतलेल्या नव्या विषयात ती अर्ध्या सत्राने मागे असेल. मेडिकलसाठी बहुतेक विद्यापीठांना रसायनशास्त्र लागते, अनेकांना जीवशास्त्रही लागते, गणित मात्र सहसा बंधनकारक नसते. त्यामुळे तिला गणित मुळातच नकोसे असेल, तर शाळेशी आजच बोलायला हरकत नाही. पण ते तिला आवडत असेल आणि निव्वळ ४१ आकड्यामुळे सोडायचे असेल, तर सोडू नये. रसायनशास्त्राच्या गुणांपैकी निदान २० टक्के आणि जीवशास्त्राच्या निदान १० टक्के गुण गणिती कौशल्यांचे असतात, आणि गणित शिकणारी मुलगी तिथे निवांत असते.

मेडिकलचा विचार सोडायला ऑक्टोबर हा महिना फारच लवकरचा आहे. बहुतेक ठिकाणी 'एएए' किंवा 'ए स्टार एए' (ए स्टार ही 'ए'च्याही वरची ग्रेड) अशी मागणी असते हे खरे, आणि ते लपवून उपयोग नाही. पण विद्यापीठांकडे आधी जातात त्या अंदाजित ग्रेड, आणि त्या शिक्षक बहुधा इयर ट्वेल्व्हच्या उन्हाळ्यातल्या परीक्षा पाहून ठरवतात. त्याच उन्हाळ्याच्या सुट्टीत यूकॅट ही प्रवेश चाचणी द्यायची असते, आणि मेडिकलचा अर्ज इयर थर्टीनच्या १५ ऑक्टोबरपर्यंत जावा लागतो. म्हणजे तिच्याकडे आजपासून साधारण आठ महिने आहेत. ईस्टरपर्यंत चुकांची वही नीट चालली आणि तरीही रसायनशास्त्र 'सी'च्या वर सरकले नाही, तर तेव्हा इतर वाटांबद्दल शांतपणे बोलू. वैद्यकाच्या भोवतालची कितीतरी चांगली क्षेत्रे आहेत, पण आज त्यांची यादी तिच्यापुढे ठेवलीत तर तिला एवढेच ऐकू येईल की आईनेही आशा सोडली.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष असू द्या. पहिल्या वाईट चाचणीनंतरचे रडणे मला काळजीचे वाटत नाही. पण ती जेवत नसेल, मैत्रिणींना टाळू लागली असेल, सकाळी शाळेत जायलाच नको म्हणत असेल किंवा स्वतःबद्दलचे ते वाक्य रोज आणि सर्वच बाबतींत म्हणू लागली असेल, तर तो प्रश्न अभ्यासाचा राहत नाही. तेव्हा शाळेतल्या सिक्स्थ फॉर्मच्या प्रमुखांशी आणि जीपीशी, म्हणजे तुमच्या फॅमिली डॉक्टरांशी, बोलायला उशीर करू नका. चाइल्डलाइन या मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा ०८०० ११११ हा क्रमांक विनामूल्य आहे, आणि घरच्यांशी जे बोलवत नाही ते तिथे बोलता येते. तो घरात कुठेतरी सहज दिसेल असा लिहून ठेवा, समोर धरू नका.

तिला काय सांगावे, असे तुम्ही विचारलेत. या सुट्टीत एका दुपारी रसायनशास्त्राचा तो 'डी'चा पेपर टेबलावर घ्या, ग्रेड असलेले पहिले पान उलटून ठेवा, आणि तिला एक एक चूक तुम्हाला समजावून सांगू द्या. तुम्हाला कळले नाही तर "मला नाही कळलं, परत सांग" असे म्हणा. बारावी सायन्स केलेल्या आईने असे म्हटलेले तिने आजवर क्वचितच ऐकले असेल. चुकांच्या वहीची पहिली पाच पाने तिथेच भरतील. डिसेंबरची चाचणी झाली की मला पुन्हा लिहा, पण शक्य झाले तर ते पत्र तिला लिहायला सांगा. ग्रेड कळवायची गरज नाही. वहीतली कोणती चूक आता होत नाही आणि कोणती अजून होते, एवढेच तिने लिहावे. मराठीत जमले नाही तर इंग्रजीतही चालेल.